छपराचा खर्च कोणाचा? व्हॅरम पर्सी येथील सेंट मार्टिन चर्च : एक प्रकरण अभ्यास

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर वोल्ड्स या खडूच्या टेकड्यांच्या प्रदेशात, व्हॅरम पर्सी नावाचे गाव होते. सुमारे १५०० साली ते ओस पडले. गावाचे सेंट मार्टिन चर्च मात्र त्यानंतर जवळजवळ साडेचारशे वर्षे वापरात राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे उपासना होत असे. पुढे छपरावरील शिशाचे पत्रे चोरीस गेले, १९५९ साली वादळात मनोऱ्याचा मोठा भाग कोसळला, आणि आज तेथे बिनछपराच्या भिंती व अर्धवट मनोरा एवढेच उभे आहे. गाव नाहीसे झाल्यावरही त्याचे चर्च इतका काळ का टिकले, आणि एवढे टिकल्यावर शेवटी का मोडले, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.

नागपुरात बसून हे प्रकरण हाती घेण्यामागे एक व्यावहारिक कारण होते. शहरातील आणि जिल्ह्यातील जुन्या वास्तूंच्या नोंदी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून करून घेताना असे सतत आढळते की नोंदीचा सगळा भर बांधकामाचे साल, शैली आणि बांधवून घेणाऱ्याचे नाव यांवर पडतो. एखादी कमान विटांनी बुजवली गेली, एखादी ओवरी पाडली गेली, कौले जाऊन टिनपत्रे आली, या गोष्टी ‘नंतरचे फेरफार’ अशा दोन शब्दांत उरकल्या जातात, किंवा विद्रूपीकरण म्हणून नापसंतीने नोंदवल्या जातात. व्हॅरम पर्सीच्या चर्चचा इतिहास तर बहुतांशी अशा बुजवण्या-पाडण्यांतूनच वाचला गेला आहे. चर्चच्या स्थापत्याची फारशी सवय नसलेल्या मराठी विद्यार्थ्यांसाठीही ते सोयीचे आहे, कारण त्यात कलाकुसर जवळजवळ नाही; जे आहे ते भिंती, कमानी आणि पायाभरणी.

वास्तू

ग्रामीण इंग्लिश चर्च पूर्व-पश्चिम पसरलेले असते. पश्चिमेकडील लांब दालनाला नेव्ह म्हणतात. तेथे गावकरी उभे राहत, पुढच्या शतकांत बसू लागले. पूर्वेकडील लहान भाग म्हणजे चॅन्सेल. तेथे वेदी असते आणि तो धर्मगुरूंचा भाग असतो. दोहोंच्या मध्ये एक मोठी कमान असते. सभामंडप आणि गाभारा यांच्या नात्याची ज्याला ओळख आहे त्याला ही विभागणी समजण्यास अडचण येत नाही. वस्ती वाढली की नेव्हच्या लांब भिंती पूर्ण पाडण्याऐवजी त्यांत कमानींची ओळ काढून बाहेरच्या अंगाला अरुंद, उतरत्या छपराचे दालन जोडण्याची पद्धत होती. त्या बाजूच्या दालनाला येथे बगलदालन म्हणू.

व्हॅरम पर्सीच्या चर्चखाली उत्खननात जे आढळले त्याचा क्रम ढोबळपणे असा मांडला जातो. दहाव्या शतकाच्या सुमारास तेथे एक लहान लाकडी चर्च असावे. त्याच्या खांबांचे खड्डे सापडले आहेत. त्या जागी लहान दगडी चर्च आले, आणि बाराव्या शतकापर्यंत त्याच्या जागी बरेच मोठे नेव्ह व चॅन्सेल उभे राहिले. बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेला बगलदालन जोडले गेले, तेराव्या शतकात उत्तरेला दुसरे आले, आणि त्यानंतर ईशान्येच्या अंगाला एक चॅपल, म्हणजे लहान प्रार्थनास्थान, हेही बांधले गेले. येथवर चर्चची कहाणी वाढीची आहे. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत ही वाढ उलटली. दोन्ही बगलदालने पाडण्यात आली, नेव्हच्या कमानी दगडांनी बुजवण्यात आल्या, आणि पाडलेल्या भागांतील खिडक्या त्या बुजवलेल्या कमानींत पुन्हा बसवल्या गेल्या. सतराव्या शतकात चॅन्सेलही आखूड करण्यात आले. परिणामी शेवटचे चर्च लांबी-रुंदीने पुन्हा बाराव्या शतकातल्या आकाराच्या जवळ येऊन ठेपले.

बुजवलेल्या कमानी आजही स्पष्ट दिसतात. भिंतीच्या दगडांत कमानीची वक्र रेषा आहे, आतल्या भरावाची चिरेबंदी वेगळी आहे आणि त्या भरावाच्या मधोमध खिडकी आहे. ही एक भिंत नीट वाचली तर तिच्यातून तीन काळ सांगता येतात : मूळ सलग भिंत, ती फोडून काढलेली कमान, आणि ती कमान बंद करणारा भराव. ज्या विद्यार्थ्याने नागपूरच्या महाल किंवा इतवारीतील जुन्या वाड्याचे मोजमाप केले आहे त्याने अशी भिंत पाहिलेली असते. फक्त ती नोंदीत उतरवलेली नसते.

उत्खनन आणि त्याचे वेगळेपण

व्हॅरम पर्सीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते चर्चमुळे नव्हे, तर गावामुळे. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड मध्ययुगीन इंग्लंडमधील ओसाड गावांचा शोध घेत होते, आणि १९५० साली त्यांनी येथे खोदण्यास सुरुवात केली. लवकरच पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले. त्यानंतर १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे, बहुतांशी स्वयंसेवकांच्या मदतीने, हे काम चालू राहिले. एका खेड्यावर चाळीस वर्षे असे सलग काम झाल्याची उदाहरणे विरळा आहेत. त्या काळी ब्रिटनमध्ये खोदकाम प्रामुख्याने अरुंद चर खणून किंवा सापडलेल्या भिंतीचा मागोवा घेऊन होत असे. येथे डेन्मार्कमधील पद्धतीच्या प्रेरणेने घराचे संपूर्ण क्षेत्र एकदम उघडे करण्याची रीत वापरली गेली. लाकडाची आणि मातीची घरे अरुंद चरात हाती लागत नाहीत, म्हणून हा बदल महत्त्वाचा ठरला.

चर्चचा क्रमांक १९६० च्या दशकात आला. एरवी वापरात असलेल्या चर्चची फरशी उखडून खाली खोदण्यास कोणी परवानगी देत नाही. येथे छप्पर गेले होते आणि उपासना थांबली होती, त्यामुळे आतला भाग पूर्णपणे तपासता आला. एका साध्या ग्रामीण चर्चची सहा-सात शतकांची वाढ इतक्या बारकाईने ठाऊक आहे ती ते चर्च मोडले म्हणून, हे विचित्र असले तरी खरे आहे.

चर्चच्या आवारातून सुमारे ७०० सांगाडे मिळाले आणि मध्ययुगीन ग्रामीण लोकांचे आहार, आजार, मुलांची वाढ यांविषयीच्या अभ्यासांना त्यांचा मोठा आधार मिळाला. मुलांच्या हाडांवरून त्यांची वाढ आजच्या मुलांपेक्षा बरीच मागे होती असे दिसते. २०१७ साली गावातील खड्ड्यांत सापडलेल्या, कापल्या-जाळल्याच्या खुणा असलेल्या हाडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मेलेल्यांनी परत येऊ नये म्हणून ते केले असावे, या शक्यतेमुळे तो वर्तमानपत्रांत बराच गाजला. विषय रंजक आहे, पण चर्चच्या इमारतीविषयी त्यातून काही कळत नाही.

पहिले वाचन आणि त्यातील अडचण

वर दिलेला क्रम पाहिल्यावर सर्वांत सोपा निष्कर्ष असा निघतो की चर्चची इमारत म्हणजे लोकसंख्येचा आलेख आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत इंग्लंडची वस्ती वाढत होती, म्हणून बगलदालने आली. चौदाव्या शतकात दुष्काळ आणि १३४८-४९ ची प्लेगची साथ आली. पंधराव्या शतकात लोकरीला भाव असल्याने जमीनदारांनी नांगरट बंद करून मेंढ्या ठेवल्या आणि गावे उठवली. मग माणसेच न उरल्याने बगलदालने निरुपयोगी झाली. गाव उठण्यामागची कारणे मोघम नाहीत. शेतजमीन कुरणांखाली गेल्याने गावे ओस पडत असल्याची तक्रार एवढी वाढली होती की सातव्या हेन्रीच्या काळात, १४८९ साली, त्याविरुद्ध कायदा झाला, आणि १५१७ साली कार्डिनल वूल्झीने चौकशी आयोग नेमले. व्हॅरम पर्सी हे अशा गावांपैकी एक. इंग्लंडमध्ये मध्ययुगीन ओसाड गावांची संख्या ३००० च्या वर धरली जाते.

अभ्यासवर्गातही पहिल्या चर्चेत हाच आलेख फळ्यावर उतरला. तो मोहक आहे, आणि पूर्णपणे चुकीचाही नाही. परंतु त्याला एक साधा आक्षेप आहे, आणि तो आपल्याकडच्या अनुभवातूनच आला. गोसीखुर्द प्रकल्पामुळे कुही आणि भिवापूर तालुक्यांतील काही गावांचे पुनर्वसन झाले आहे, अशाच एका गावच्या विद्यार्थ्याने सांगितले, “सर, गाव उठलं तरी देऊळ थोडी उठते.” त्याच्या म्हणण्याचा रोख असा होता की जुन्या जागेवरच्या देवळात आजही वर्षाला जत्रा भरते, आजूबाजूच्या गावांचे लोक येतात, म्हणजे देवळाची माणसे आणि गावाची माणसे हे दोन वेगळे आकडे आहेत. विदर्भातील महसुली नोंदींत जी गावे ‘रिठी’ म्हणून दाखवली जातात, म्हणजे सातबारा आहे, शिवार आहे, पण वस्ती नाही, तेथेही मारुतीचे किंवा देवीचे ठाणे बहुधा पूजेत असतेच.

व्हॅरम पर्सीच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. सेंट मार्टिन हे केवळ एका गावाचे चर्च नव्हते. ते एका पॅरिशचे, म्हणजे एका चर्चच्या धार्मिक हद्दीत येणाऱ्या गावांच्या समूहाचे, चर्च होते, आणि त्या पॅरिशमध्ये व्हॅरम पर्सीखेरीज बर्डेल, रेस्थॉर्प, टाउथॉर्प आणि थिक्सेनडेल ही आणखी चार गावे होती. लग्न, बाप्तिस्मा आणि दफन यांसाठी या सर्वांना सेंट मार्टिनलाच यावे लागे. म्हणून १५०० च्या सुमारास व्हॅरम पर्सीतील शेवटची कुटुंबे गेली तरी चर्चकडे येणाऱ्या पायवाटा बंद झाल्या नाहीत. आवारातील सांगाडेही एका गावाचे नाहीत, पाच गावांचे आहेत. त्यामुळे त्यांवरून ‘व्हॅरम पर्सीचा गावकरी’ उभा करताना सावधपणा लागतो, आणि हा सावधपणा सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या वर्णनांत नेहमी पाळला जातोच असे नाही.

आणखी एक अडचण काळाची आहे. बगलदालने पाडली गेली त्याच कालखंडात इंग्लंडमध्ये धर्मसुधारणा झाली. मध्ययुगीन चर्चमध्ये बगलदालने केवळ गर्दी सामावण्यासाठी नसत. तेथे दुय्यम वेद्या असत, मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना चालाव्यात म्हणून ठेवलेल्या देणग्यांवर चालणारे विधी होत, मिरवणुका फिरत. १५४७ साली अशा देणग्या कायद्याने रद्द झाल्या आणि दुय्यम वेद्यांना जागाच उरली नाही. माणसे घटली नसती तरीही बगलदालनाचे काम संपले असते. दोन कारणे एकाच काळात एकाच भिंतीवर काम करत असतील तर त्यांतील एकाच्या नावावर सगळा परिणाम टाकता येत नाही.

येथे या उत्खननातील घरांचा निष्कर्ष कसा बदलला तेही सांगणे उपयोगी आहे. घरांच्या भिंतींचे पाये वारंवार बदललेले दिसले, म्हणून आरंभी असे मानले गेले की कुळांची घरे इतकी कच्ची होती की दर पिढीला नव्याने बांधावी लागत. पुढे स्टुअर्ट रॅथमेल यांनी त्याच पुराव्याचे वेगळे वाचन मांडले : छपराचा भार वाकलेल्या लाकडांच्या मोठ्या जोड्यांवर होता, भिंतीवर नव्हताच, त्यामुळे भिंत बदलली म्हणजे घर बदलले असे होत नाही. छप्पर कोणी तोललेले आहे हे आधी ठरवल्याशिवाय भिंतीवरून निष्कर्ष काढू नये, हा यातला धडा चर्चलाही लागू पडतो, आणि चर्चच्या बाबतीत ‘तोलणे’ याचा अर्थ पैशाने तोलणे असाही घ्यावा लागतो.

दुरुस्तीची विभागणी

या प्रकरणाची किल्ली आमच्या मते इंग्लिश पॅरिशच्या एका जुन्या रिवाजात आहे. चर्चची इमारत एक दिसली तरी तिच्या दुरुस्तीची जबाबदारी एकाची नसे. नेव्ह आणि मनोरा यांचा खर्च पॅरिशमधील लोकांनी करावा आणि चॅन्सेलचा खर्च रेक्टरने करावा, असा सर्वसाधारण नियम होता. रेक्टर म्हणजे पॅरिशमधील धान्य, गवत इत्यादींच्या दशमांशावर ज्याचा हक्क आहे तो. हा हक्क अनेक ठिकाणी एखाद्या मठाकडे असे. मठ प्रत्यक्ष पूजा-प्रार्थनेसाठी कमी उत्पन्नावर व्हिकर नेमत असे आणि मोठा दशमांश स्वतःकडे ठेवत असे. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यावर असे हक्क जमिनींबरोबर खासगी मालकांकडे गेले, आणि त्यांच्याबरोबर चॅन्सेलच्या छपराची जबाबदारीही गेली. हा रिवाज केवळ ऐतिहासिक नाही. वॉरिकशायरमधील ॲस्टन कँट्लो येथील चर्चच्या वादात २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने असा निर्णय दिला की तेथील विशिष्ट शेतजमिनीच्या मालकांना चॅन्सेलच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा लागेल. जमीन घेताना एका मध्ययुगीन छपराचा बोजा सातबाऱ्यावर आला, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

ही विभागणी हाती धरून सेंट मार्टिनच्या भिंती पुन्हा वाचल्या की चित्र अधिक सुसंगत होते. बगलदालने ही लोकांच्या बाजूची होती. त्यांचे छप्पर वेगळे, त्यांच्या बाहेरच्या भिंती वेगळ्या, पावसाचे पाणी नेव्हच्या छपरावरून त्यांच्यावर येणार, म्हणजे शिशाचे काम सर्वांत जास्त तेथेच. पाच गावांतील एक मोठे गाव नकाशावरून गेल्यावर वर्गणी देणारी घरे कमी झाली. उरलेल्यांनी दोन छपरांचा भार उतरवून एकच ठेवले. कमानी बुजवताना जुन्या खिडक्या वापरणे, हेही काटकसरीचेच लक्षण आहे. याउलट चॅन्सेल आखूड झाले ते सतराव्या शतकात, म्हणजे बगलदालने गेल्यानंतर बऱ्याच काळाने, कारण तो निर्णय वेगळ्या हाताचा होता. लोकांना नेव्ह लहान करण्याची घाई झाली होती तेव्हा चॅन्सेलवाल्याला ती झाली नव्हती, आणि त्याला झाली तेव्हा लोकांनी आपले काम उरकले होते. इमारत एकाच वेळी सर्व बाजूंनी आकसलेली नाही. प्रत्येक खातेदाराने आपापल्या सवडीने आपला भाग कमी केला. लोकसंख्येचा आलेख या दोन वेगळ्या तारखांचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही. खर्चाची विभागणी देऊ शकते. हे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच मांडले आहे, परंतु भिंतींशी ते आलेखापेक्षा बरे जुळते.

चर्चचा शेवटही याच मार्गाने समजतो. एकोणिसाव्या शतकात थिक्सेनडेल हे पॅरिशमधील नांदते गाव होते आणि तेथील लोकांना टेकड्या ओलांडून ओसाड गावातल्या चर्चला यावे लागत होते. १८७० च्या सुमारास जमीनदार सर टॅटन साइक्स यांनी थिक्सेनडेलमध्येच सेंट मेरीचे नवे चर्च बांधवले. वास्तुविशारद होते जॉर्ज एडमंड स्ट्रीट. त्यानंतर सेंट मार्टिनची उपस्थिती आणि वर्गणी या दोन्ही गोष्टी झिजत गेल्या. १५०० सालच्या गाव उठण्याने जे झाले नाही ते १८७० च्या एका चांगल्या हेतूच्या बांधकामाने झाले. शिशाची चोरी आणि वादळ ही त्यानंतरची, आणि आमच्या मते दुय्यम, कारणे होत. छपरावर चढणाऱ्या चोराला हटकणारा आणि निखळलेला पत्रा दुसऱ्या दिवशी बसवून घेणारा कोणी उरला नव्हता.

नागपूरच्या संदर्भात

स्ट्रीट यांच्या नावावरून नागपूरकडे येण्यास एक धागा मिळतो. ते तरुणपणी लंडनमध्ये जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या कार्यालयात काम करत होते. त्याच कार्यालयात त्याच सुमारास जॉर्ज फ्रेडरिक बॉडली हेही शिकत होते, आणि नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या विस्ताराशी बॉडली यांचे नाव जोडले जाते. गॉथिक शैलीचे इंग्लिश ग्रामीण चर्च जसे असावे असे त्या पिढीला वाटत होते, त्याचा एक नमुना वोल्ड्सच्या दरीत उभा राहिला आणि एक आपल्या रस्त्यावर.

पण साम्य येथे थांबते, आणि थांबते ते खर्चाच्या प्रश्नावर. सदरचे चर्च पॅरिशच्या वर्गणीवर उभे राहिलेले नाही. कामठीची छावणी १८२१ साली स्थापन झाली, तेथे मद्रास सैन्याच्या तुकड्या होत्या, आणि नागपूर-कामठीतील इंग्रजी चर्चना मुख्यतः गोऱ्या सैनिकांची व अधिकाऱ्यांची उपासना चालवायची होती. अशा चर्चच्या धर्मगुरूंचा पगार सरकारी तिजोरीतून होत असे आणि इमारतींच्या देखभालीचा मोठा भारही सरकारवरच होता. १९०३ साली एअर चॅटर्टन नागपूरचे पहिले बिशप झाले आणि ऑल सेंट्सला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. १९३० साली भारतातील अँग्लिकन चर्च कायद्याने इंग्लंडपासून वेगळे झाले, तरी सैनिकांसाठीच्या चर्चचा सरकारी खर्च चालूच राहिला. तो खऱ्या अर्थाने थांबला स्वातंत्र्याबरोबर. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तीही नागपुरातच. म्हणजे एका आयुष्याच्या अवधीत या इमारतींचा खातेदार पुन्हा पुन्हा बदलला. त्यांची डागडुजी, रंगकाम, छपरातील बदल, बंद झालेली दारे यांची तारीखवार नोंद या बदलांशी लावून पाहणे हे शैलीचे वर्णन करण्यापेक्षा जास्त फलदायी ठरेल.

ग्रामीण भागात हाच प्रश्न अधिक धारदार आहे. जुन्या मध्य प्रांतात मालगुजार हा गावाचा सारा भरणारा मालक होता. तलाव, देऊळ, पार यांची दुरुस्ती अनेक गावांत तोच करवून घेत असे, कधी धर्म म्हणून, कधी प्रतिष्ठा म्हणून. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. तलावांना निदान ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव आणि सरकारी खाते मिळाले, आणि आज पूर्व विदर्भात मामा तलावांच्या गाळाविषयी व फुटलेल्या पाळीविषयी चर्चा तरी होते. देवळांना असे नाव मिळाले नाही. मालगुजाराने बांधलेल्या देवळाचे छप्पर १९५१ नंतर कोणी शाकारले, हे विचारल्याशिवाय अशा देवळाचा विसाव्या शतकाचा इतिहास लिहिता येणार नाही. हा प्रश्न जमीनदारीच्या बाजूने विचारला आहे असे कोणी समजू नये. मालगुजारी जायलाच हवी होती. तिच्याबरोबर तिची कामे कोणाच्या अंगावर गेली एवढेच येथे पाहायचे आहे.

या प्रकरणानंतर आम्ही नोंदपत्रात दोन बदल केले. वास्तूचा आराखडा काढताना प्रत्येक भाग, म्हणजे गाभारा, सभामंडप, ओवरी, शिखर, चौथरा, वेगवेगळ्या छटांनी दाखवून त्या त्या भागाचा खर्च सध्या कोण करतो आणि आधी कोण करत होते हे लिहायचे. आणि बुजवलेले दार, पाडलेली भिंत, बदललेले छप्पर यांना बांधकामाइतकेच महत्त्व देऊन त्यांचा काळ गावातील वृद्धांकडून, पंचायतीच्या दप्तरातून आणि प्रत्यक्ष चिरेबंदीवरून ठरवायचा. दुसरे काम वेळखाऊ आहे. पहिले मात्र अनपेक्षितपणे नाजूक निघाले, कारण ‘हा भाग कोणाचा’ हे विचारताच गावात जुने वाद उघडतात आणि विद्यार्थ्याला चहा पाजणारे लोक एकदम गप्प होतात.

एक नमुना येथे देतो. कुही तालुक्यातील एका रिठीवर मारुतीचे लहान दगडी देऊळ आहे. सभामंडपाचे टिनपत्रे लगतच्या तीन गावांच्या जत्रा समितीने वर्गणीतून टाकले आहेत आणि त्याचा हिशेब समितीच्या वहीत आहे. गाभारा आणि त्यावरचा घुमट जुन्या मालगुजार घराण्याच्या वारसांकडे समजला जातो; ते नागपुरात राहतात, वर्षातून एकदा येतात आणि चुना लावून घेतात. विद्यार्थ्यांनी आराखड्यात दोन भाग दोन छटांत रंगवले तेव्हा मंडपाचे पत्रे जेथे घुमटाच्या भिंतीला टेकतात ती पट्टी कोऱ्या कागदासारखी राहिली. पाणी तेथूनच गळते. समितीच्या मते ती भिंत गाभाऱ्याची आहे. वारसांच्या मते गळती पत्रे नीट न बसवल्यामुळे आहे. पत्र्यांची उतरण पाहता दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर दिसते. नोंदपत्रात त्या पट्टीसमोर सध्या ‘वादग्रस्त’ असे लिहिले आहे, आणि मंडपाच्या बाजूने वाळूचे पोते व ताडपत्री टाकून ती पावसाळ्यापुरती झाकलेली आहे.